आत्याची पंगतीतली जागा

मी आज जो काही आहे तो एका बाईमुळे आहे. ती माझी आत्या, माझ्या वडिलांची बहीण. तिचं नाव इथे लिहीत नाही. आपलं नाव छापून आलेलं तिला आवडायचं नाही. गावात तिला सगळे जिनिंगवाली आत्याबाई म्हणतात. कापसाचा हंगाम सुरू झाला की ती हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये कामाला जायची आणि संध्याकाळी केसांत, भुवयांत कापसाचे तंतू घेऊन घरी यायची.

मूल होत नाही म्हणून सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं होतं. माझी आई मी लहान असतानाच गेली. वडील सालदार, म्हणजे वर्षभरासाठी एकाच शेतमालकाकडे कामाला बांधलेले. घर आत्याच चालवायची. मी दहावी पास झालो तेव्हा आमचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, म्हणाले की पोरगा वडनेरच्या शाळेपर्यंत शिकला तेवढं पुरे झालं, आता त्यालाही सालानं ठेवा. आत्या भाकरी थापत होती. तिने वर न बघता सांगितलं, "त्याले शिकू द्या. त्याच्या वाटचं निंदन मी करीन."

आणि खरंच तिने केलं. मी वर्ध्याला वसतिगृहात राहून बी.ए. झालो आणि तिथल्याच एका कचेरीत कारकून म्हणून लागलो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. विहारात माझा सत्कार झाला तेव्हा भाषण मोठेबाबांनी केलं. आत्या मागे, बायकांमध्ये बसून ऐकत होती.

शेतात तण निंदणाऱ्या बायका दुपारपर्यंत भूक मरावी म्हणून तंबाखू-चुना गालात धरतात. आत्याही धरायची, नेहमी उजव्या गालात. त्या गालात आधी पांढरा चट्टा पडला, मग जखम झाली. तालुक्याच्या डॉक्टरने कितीतरी महिने ‘तोंड आलं आहे’ म्हणून लाल मलम आणि गोळ्या दिल्या. त्याने एकदाही बोट घालून आत नीट पाहिलं नाही. तिला घास घेण्यापुरतंही तोंड उघडेना तेव्हा मला निरोप आला, आणि मी तिला वर्ध्याजवळच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिथे तुकडा काढून तपासला आणि कर्करोग असल्याचं सांगितलं. शतक संपायला आलं होतं. आमच्या गावात तोपर्यंत या आजाराचं नावही कुणी मोठ्याने घेत नसे.

शस्त्रक्रियेचं बोलायला डॉक्टरांनी घरच्यांना बोलावलं. वडील मालकाच्या कामावरून सुटू शकले नाहीत. मोठेबाबा गावातले दोन जाणते लोक घेऊन आले. डॉक्टर दक्षिणेकडचे होते, मराठी सावकाश पण स्वच्छ बोलायचे. त्यांनी आपल्याच गालावर बोट फिरवून समजावलं. उजवा गाल आणि खालच्या जबड्याचा तुकडा काढावा लागेल. त्या जागी मोठं भोक पडेल. ते भोक भरायला छातीवरचं थोडं मांस आणि कातडी घेऊ. ती पूर्ण तोडायची नाही, तिची रक्ताची नळी तशीच ठेवायची, गळ्याच्या कातडीखालून वर वळवायची आणि गालाच्या जागी शिवायची. हे सगळं एकाच वेळी होईल.

मोठेबाबांनी विचारलं, "गाठ काढली का जीव वाचते ना?"

डॉक्टर म्हणाले, आशा चांगली आहे.

"मंग छाती कायले फाडता? आता काय तिचं लगन लावाचं हाये?"

बरोबर आलेल्यांपैकी एकजण हसला. बाईच्या छातीचं मांस तोंडाला लावायचं म्हणजे गावात तोंड दाखवायची सोय राहणार नाही, असं दुसरा म्हणाला. मी म्हणालो की गावात तोंड दाखवायचं ते तिचं आहे, आपलं नाही. माझ्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं की हे केलं नाही तर जेवण, पाणी, लाळ सगळं त्या भोकातून बाहेर गळत राहील.

"पदर हाये ना तिले," मोठेबाबा म्हणाले.

या वाक्याने माझं डोकं आजही फिरतं. माणूस वाईट होता असं नाही. आजारी बैलाजवळ गोठ्यात रात्र काढणारा माणूस होता. पण बाईच्या गालाला भोक पडलं तर त्यावर पदर पुरतो, हे त्याला पावसाळ्यात छत्री लागते इतकं साधं वाटलं. गालातून पाणी गळत असताना माणूस गिळतो कसा, बोलतो कसा, हा प्रश्नच त्या तिघांच्या मनात आला नाही. ते नवस-सायास, अंगात येणं यांच्या विरुद्ध भाषणं करणारे लोक होते. विहाराची भिंत त्यांनी स्वतः विटा वाहून बांधली होती. आणि माझी आत्या, जिच्या तोंडाचा हा निवाडा चालला होता, ती बाहेर बाकावर बसलेली होती. तिला कुणी आत बोलावलं नव्हतं.

डॉक्टरांनीच तिला बोलावलं. मघाचं सगळं तिला पुन्हा सांगितलं, तितकंच सावकाश. तोंड उघडत नसल्यामुळे तिचं बोलणं दातांमधून यायचं. ती एवढंच म्हणाली, "ते लावलं तं मले पंगतीत बसता यीन?"

डॉक्टरांना पंगत कळली नाही. त्यांनी सिस्टरकडे पाहिलं. सिस्टर आर्वीकडच्या होत्या. त्यांनी सांगितलं की आपल्याकडे कार्यात सगळे लोक जमिनीवर रांगेत, एकमेकांना लागून बसून जेवतात, तिथे बसायचं विचारतायत. डॉक्टर लगेच हो म्हणाले नाहीत. मग म्हणाले की येईल, पण वेळ लागेल, रोज मेहनत करावी लागेल, आणि पूर्वीसारखं सगळं होणार नाही.

आत्याने मान हलवली आणि टेबलावरचा पेन उचलला. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात ती थोडं लिहायला-वाचायला शिकली होती. एकेक अक्षर कोरत तिने संमतीच्या कागदावर सही केली. मोठेबाबा बसचं निमित्त सांगून निघून गेले. शस्त्रक्रियेच्या दिवशी त्यांच्यापैकी कुणी आलं नाही.

शस्त्रक्रिया सकाळी सुरू झाली ती दिवस कलेपर्यंत चालली. नंतर मी तिला पाहिलं तेव्हा ओळखायला वेळ लागला. चेहरा सुजून मोठा झालेला, नाकात जेवणाची नळी, गळ्यात श्वासाची. गालावर छातीची गोरी कातडी शिवलेली. आयुष्यभर उन्हात रापलेल्या तिच्या चेहऱ्यावर तो तुकडा दुसऱ्याच माणसाचा वाटत होता. ऊन न लागलेली आत्या कशी दिसली असती, ते मला त्या दिवशी कळलं.

सिस्टर येऊन त्या तुकड्यावर बोट दाबायच्या आणि रंग परत येतो का ते पाहायच्या. रंग आला म्हणजे रक्त फिरतंय. काही दिवसांनी खालची एक कड काळी पडली. आत्याने खुणेने आरसा मागून ती पाहिली आणि बोलता येत नसल्यामुळे दिलेल्या पाटीवर लिहिलं, ‘मेलं का?’ डॉक्टरांनी सांगितलं, तेवढी कडच गेली, बाकी जिवंत आहे. पुन्हा आत नेऊन ती कड साफ केली. त्यानंतर शेक दिले, म्हणजे किरणांचे उपचार. त्यांनी तिच्या तोंडाची साल निघाली. ते दिवस मी लिहीत नाही.

ती माझ्या वर्ध्याच्या खोलीवर राहायला आली. मेहनत कशाला म्हणतात ते मी तेव्हा पाहिलं. तोंड आवळून जाऊ नये म्हणून इस्पितळातून लाकडी पट्ट्या दिल्या होत्या, आइस्क्रीमच्या काडीसारख्या. त्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या आणि सवय झाली की आणखी एक सारायची. डोळ्यांतून पाणी यायचं तरी ती पट्टी काढायची नाही. छाती एका बाजूने ओढली गेल्यामुळे तिची जुनी पोलकी अंगाला बसेनात. तिने एका बाजूला कापड जोडून सगळी पुन्हा शिवली. ओठ नीट मिटत नसल्यामुळे प आणि ब तिच्या तोंडून निसटायचे. सांजच्याला ती कपाटाच्या आरशासमोर बसून ‘पोळी, पापड, बेसन, बुंदी’ म्हणायची. शेजारच्या बाई हसून म्हणाल्या, "आत्याबाई, साराच सैपाक करून राह्यल्या तुम्ही." आत्याही हसली. नव्या गालाला हसता येत नव्हतं, म्हणून अर्ध्या तोंडाने हसली.

आधी पातळ वरण, मग वरणात कुस्करलेली भाकर. घास डावीकडे ठेवायचा, उजव्या ओठाला दोन बोटांचा आधार द्यायचा, मांडीवर स्वच्छ फडकं. ती रोज खाली बसूनच जेवायची. मी खुर्ची दिली तर म्हणाली, "पंगतीत कोणी खुर्ची देते का?"

जयंती आली तेव्हा ती तयार होती.

आमच्या गावात जयंतीला विहारासमोर पंगत बसते. वरण-भात, पुरी, आलू-वांग्याची भाजी आणि बुंदी. आत्या लग्नाच्या आधीपासून त्या पंगतीचे तांदूळ निवडत आली होती. त्या वर्षी तिने पांढरं पातळ नेसलं आणि बायकांच्या रांगेत जाऊन बसली. मी भाताची बादली घेऊन वाढत होतो. मी दुसऱ्या टोकाला असताना तिच्या शेजारच्या बाईने आपली पत्रावळ उचलली आणि सरकली. मग पलीकडचीही सरकली. दोन्ही बाजूंना जागा मोकळी झाली. समोर बसलेली एक पोरगी रडायला लागली. तिच्या आईने तिचं तोंड फिरवलं.

मग उत्सव समितीचा एक पोट्टा आला. छातीवर निळी फीत. तो वाकून मोठ्या अदबीने म्हणाला, "आत्याबाई, तुमचं ताट मंदी घरात लावलं हाये. तिथं आरामानं जेवा."

बोलताना त्याने हनुवटी वर धरली होती, कारण त्याच्या गालात खर्रा होता. तंबाखू, सुपारी, चुना घोटून केलेला तो खर्रा विहारासमोरच्याच ठेल्यावर मिळतो. पंगत बसायच्या आधी अर्ध्या गावाने तो गालातून काढून विहाराच्या भिंतीशी थुंकला होता. त्याची किळस कुणाला आली नाही. ज्या बाईने त्याचा आजार भोगला, कापून घेतला, जी पुन्हा जेवायला शिकली, तिची आली.

आत्याने आपली पत्रावळ दोन्ही हातांनी उचलली आणि उठली. वाढलेलं सांडू नये म्हणून ती हळूहळू चालत गेली.

मी बादली खाली ठेवली. मोठेबाबा समितीत होते, मी सरळ त्यांच्याकडे गेलो. त्यांना म्हणालो, तुमच्या बापाला पाटलाच्या घरच्या लग्नात गोठ्याच्या भिंतीशी बसवून वरून भात टाकत होते. हे तुम्हीच मला सांगितलं, याच विहारात, भाषणात सांगितलं. आपण ही पंगत कशासाठी सुरू केली?

मोठेबाबा चिडले नाहीत. मला समजावत असल्यासारखे म्हणाले, "ते जातीचं होतं बाप्पा. हे येगळं. लोकाइले किळस येते तं मी काय करू?"

"त्याइलेही किळसच येत होती, मोठेबाबा."

कुणीतरी म्हणालं, आजच्या दिवशी तरी भांडू नका. आजच्या दिवशी. मग कोणत्या दिवशी भांडायचं? आमच्या लोकांनी शिकायचं, संघटित व्हायचं ते कशासाठी, आपल्यातल्याच एका बाईला मोठ्या अदबीने आत पाठवता यावं म्हणून? दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर आम्ही मोर्चा काढला असता. मी असं बरंच बोललो. भाताची बादली दुसऱ्या कुणीतरी उचलली आणि पंगत पुढे चालू झाली.

विहाराशेजारच्या त्या घरात आत्या ताटासमोर बसली होती. जेवली नव्हती. मला म्हणाली, "तू काऊन भांडून राह्यला? मले भूक नोती."

त्यानंतर ती गावीच राहिली. माझ्यासोबत वर्ध्याला येत नव्हती आणि कुणाच्या कार्यातही जात नव्हती. शेतात जायची, घरी यायची, भिंतीकडे तोंड करून जेवायची. माझ्या मनात येई, डॉक्टरांनी दिवसभर उभं राहून तिचं तोंड परत दिलं, तिने ते पट्टी पट्टीने उघडलं, आणि गावाने एका दुपारी ते मिटून टाकलं. डॉक्टर म्हणाले होते की पूर्वीसारखं सगळं होणार नाही. ते तिच्या तोंडाबद्दल बोलत होते. आमच्या पंगतीची त्यांना कल्पना नव्हती.

पुढे माझं लग्न ठरलं. मुलगी रोहणा गावची, शाळेत शिकवणारी. लग्न तिकडेच होतं. मोठेबाबांनी सगळ्या व्यवस्थेत पुढाकार घेतला आणि सुचवलं की पाव्हण्यांसमोर आत्याला जेवायला बसवू नये, लग्न लागलेलं पाहून तिने घरात आराम करावा. पुन्हा तोच ‘आराम’. आत्यानेच ते मान्य केलं. चुलत भावासोबत निरोप पाठवला की मी लग्नालाच येत नाही, मागाहून सुनेला पाहून घेईन.

त्यावर मी तिला पत्र लिहिलं. ती आली. नवरा-नवरीच्या पंगतीत बसली. समोरच्या रांगेतली दोन माणसं उठून गेली. मोठेबाबा उठले नाहीत, आत्याच्या जवळच बसले आणि मुकाट्याने जेवले. पुढे लोकांनी त्याचं कौतुक केलं. मी केलं नाही. माणसाशेजारी बसून जेवणं ही कौतुकाची गोष्ट नाही. आत्याला बुंदी सगळ्यांत आवडली. वरण तिला फार तिखट वाटलं आणि तिने ते आचाऱ्याला बोलून दाखवलं.

कारकुनाला नक्कल ठेवायची सवय असते, म्हणून त्या पत्राची नक्कल माझ्याजवळ आहे. तिला वाचायला सोपं जावं म्हणून मोठ्या अक्षरात, आम्ही बोलतो तसंच लिहिलं होतं.

आत्या,

तुझा निरोप भेटला. मले त्याचा राग आला हे आधीच सांगतो.

तू म्हणते का तुझ्यापायी माझ्या लग्नात कोणाचं तोंड वाकडं व्हायले नको. ज्याचं व्हाचं त्याचं होऊ दे. तुझं तोंड डॉक्टरनं सरळ केलं, त्याइचं कोण करन? मी कोणाले पाया पडून जेवाले बसवत नाई. ज्याले उठाचं त्यानं उठावं. त्याचं ताट मी दुसऱ्याले वाढीन.

मोठेबाबाले मी सांगितलं हाये का आत्या पंगतीत नसन तं मीही नाई बसणार. ते बोलले, पोट्टा शिकून शायना झाला. मी म्हटलं, जिनं शिकवलं तिले इचारा.

तुझ्या सुनेले मी सारं सांगितलं. तिनं लाकडी पट्ट्याचं इचारलं, शेकाचं इचारलं, तू आता काय खाते ते इचारलं. ते तुझ्या उजव्या बाजूनं बसणार हाये. मी म्हटलं, तिकून घास सांडते. तं ते म्हणे, माझ्या वर्गातल्या अर्ध्या लेकराइचा सांडते.

वरण पातळ ठेवाले सांगितलं हाये. भाजीतले वांगे गाळ शिजवतीन. फडके दोन आणजो, एक घरी इसरशीन. ते बाजूनं कापड जोडलेलं हिरवं पोलकं घालजो. पांढरं पातळ नेसू नको. लग्न हाये, रंगाचं नेस.

पदर डोक्यावर घ्याचा तं घे. गालावर घेऊ नको. त्या गालासाठी तू सही केली होती, मी तिथं उभा होतो.

वर्ध्याहून रोहण्याची गाडी सकाळी सुटते. भाऊ तुले तिथं बसवून देईन, रोहण्याले मी उतरवाले येतो. उत्तर लिहीत बसू नको. तूच येजो.

तुझा पोरगा